घोडी आखडली तर पहिला हात कुठे लावावा?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर जू ओढून निबर झालेल्या त्या खांद्याला हळद-तूप चोळून शेक दिला की बैल कसा मान खाली सोडतो आणि डोळे मिटून उभा राहतो, ते तुम्हांला मी सांगायला नको. घोड्याच्या नशिबी मात्र असा दिवस नाही. दसऱ्याला त्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडते, कपाळाला कुंकू लागते, आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर पुन्हा खोगीर चढते.

हे आठवायचे कारण म्हणजे फलटण तालुक्यातून आलेले एका वाचक भगिनीचे पत्र. घर मेंढपाळाचे. दिवाळी झाली की मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि पाऊस लागायच्या आत परत वर यायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. मेंढरांमागे पुरुष चालतात आणि घोड्याची दोरी बाईच्या हातात असते. पाल, भांडीकुंडी, पिठाची गाठोडी, कोंबड्या, चालता न येणारी कोकरे आणि कधी घरातले तान्हे मूलसुद्धा, असा सगळा संसार घोडीच्या पाठीवर. ताई लिहितात:

"आमची घोडी सतरा वर्षांची आहे. घरच्याच घोडीचे शिंगरू. यंदा पावसाळा लागल्यापासून सकाळी पाय अवघडल्यासारखे टाकते. दहा-पंधरा पावले लंगडल्यासारखी चालते, मग मोकळी होते. जत्रेत एक माणूस भेटला, तो म्हणाला सांधे हलले आहेत, पाचशे रुपये द्या, ओढून बसवून देतो. मामंजी म्हणतात डाग द्या. व्यापारी म्हणतो विकून टाका. मी रोज तिचे पाय चोळते. तिला बरे वाटते असे मला वाटते, पण घरात सगळे हसतात. चोळण्याने सांधे मोकळे होतात का? दिवाळीनंतर ती चालेल का?"

ताई, घरातल्यांना हसू द्या. तुमचे निम्मे बरोबर आहे. राहिलेले निम्मे सांगण्यासाठीच आजचा लेख लिहीत आहे. मात्र मी शेतीचा पदवीधर, पशुवैद्य नव्हे, हे आधी सांगून ठेवतो. खाली जे लिहिले आहे ते दोघा पशुवैद्य मित्रांना वाचून दाखवले आहे. त्यांनी जेथे खोडले तेथे मी मुकाट्याने खोडले आहे.

पण चोळण्याकडे वळण्यापूर्वी एक हकीकत सांगणे भाग आहे. ती माझ्या चुकीची आहे.

१९९८ साल. मला नोकरीला लागून दोन वर्षे झाली होती. माण तालुक्यातल्या एका गावी बाजरीच्या काढणीच्या दिवसांत मोटारसायकलवरून चाललो होतो. वस्तीवरचे एक मेंढपाळ मामा रस्त्यात आडवे आले. म्हणाले, "सायब, घोडी आखडलीया. पाऊल उचलंना झालीया. काय करावं?" मी गाडीवरून उतरलोसुद्धा नाही. घोडी पन्नास पावलांवर बाभळीखाली उभी होती. पुढचे दोन्ही पाय पुढे टाकलेले, अंगाचा भार मागे. मी विचारले, "काम फार पडले का?" मामा म्हणाले, "न्हाई, चार दिस झालं, नुस्ती उभीच हाय." मग मी ऐटीत सांगून टाकले, "उभी राहूनच आखडली आहे. पायांना तेल लावून चांगले चोळा आणि सकाळ-संध्याकाळ मैलभर चालवा. घाम आला की मोकळी होईल."

मामांनी अक्षरशः तसे केले. एकाने पुढून ओढावे, एकाने मागून ढकलावे, असे करून दोन दिवस तिला चालवली. तिसऱ्या दिवशी ती बसली ती उठेना. चौथ्या दिवशी तालुक्याहून पशुवैद्य आले. त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला, तो मला सुचलाही नव्हता. "आठवड्याभरात हिने वेगळे काय खाल्ले?" तेव्हा घरातला एक मुलगा रडत म्हणाला की, रात्री दावे तोडून घोडी खळ्यावर बाजरीच्या राशीत शिरली होती. मार बसेल म्हणून त्याने घरात सांगितले नव्हते.

घोड्याने एकदम पोटभर धान्य खाल्ले की त्याच्या आतड्यात ते आंबते आणि त्याचे विष रक्तात भिनते. त्याचा तडाखा बसतो तो टापेत. टापेचे कठीण कवच आणि आतले हाड यांना धरून ठेवणारा एक नाजूक जिवंत पडदा असतो. तो सुजतो. पशुवैद्य त्याला लॅमिनायटिस म्हणतात. कवच कठीण, सुजेला बाहेर जायला जागा नाही, त्यामुळे वेदना अशी होते की जनावर पाऊल उचलत नाही, भार टाचांवर घेऊन मागे झुकून उभे राहते. लांबून पाहणाऱ्याला वाटते सांधे आखडले. अशा घोडीला चालवले की प्रत्येक पावलागणिक तो सुजलेला पडदा आणखी सुटतो आणि शेवटी आतले हाडच खाली वळते. त्या घोडीचे तसेच झाले होते. ती जगली, पण तिच्या पाठीवर पुन्हा ओझे चढले नाही.

त्या दिवाळीनंतर मामी डोक्यावर पालाचे बोचके आणि कमरेवर वर्षाचा नातू घेऊन घाट उतरल्या. पुढच्या आषाढात मामा मला बाजारात भेटले. एका शब्दाने त्यांनी ती गोष्ट काढली नाही. "सायब, च्या घ्या," म्हणाले. मी चहा घेतला, पण मला वर बघवेना.

माझे काय चुकले? मी त्या घोडीला हात लावला नव्हता. टापेवर नुसता तळवा ठेवला असता तरी ती तापलेली कळली असती. म्हणून सांगतो की आखडलेल्या घोडीला पहिला हात लावायचा तो टापेला, आणि तोही चोळायला नव्हे, पाहायला.

कसे पाहायचे ते आता सांगतो. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी चारही टापांवर हाताची मागची बाजू ठेवून पाहावी. एखादी टाप इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागली तर ते लक्षण चांगले नाही. मग टापेच्या वरचा जो सांधा, त्याच्या मागच्या बाजूला दोन्ही कडांशी बोटे अलगद टेकवावी. तेथून नाडी जाते. निरोगी घोड्यात ती जेमतेम लागते, शोधावी लागते. टापेत दाह असेल तर ती बोटाखाली ठाण ठाण उडते. निरोगी असतानाच ही नाडी चार-सहा वेळा शोधून ठेवा, म्हणजे आजारपणात चाचपडावे लागणार नाही. टाप गरम, नाडी उडते आणि घोडी मागे झुकून उभी, असे दिसले तर चोळणे नाही, चालवणे नाही. दाणा बंद करावा, मऊ जागी उभी करावी, टापा गार पाण्यात ठेवाव्या, बर्फ मिळाला तर उत्तमच, आणि ताबडतोब पशुवैद्य बोलवावा. धान्याशिवाय व्याल्यानंतर जार अडकून राहिल्यानेही हेच होते. शिंगरू झालेल्या घोडीच्या बाबतीत हे ध्यानात असू द्यावे.

आणखी दोन आखडणी अशी आहेत की तेथेही चोळणारा हात आवरावा. चार-सहा दिवस बसून पुरता दाणा खाल्लेल्या घोडीला एकदम कामाला जुंपले की कधी कधी अर्ध्या तासात ती घामाघूम होऊन जागच्या जागी खिळते. पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे टणक होतात आणि लघवी चहाच्या काढ्यासारखी काळपट येते. तिला तेथेच थांबवावे, घरापर्यंतही चालवू नये. दुसरी आखडणी धनुर्वाताची. टापेत खिळा किंवा काटा शिरून गेलेला असतो, जखम कदाचित भरूनही आलेली असते, आणि मग घोडा घडवंचीसारखा ताठ होतो. कान ताठ, शेपूट उचललेली, जबडा घट्ट, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक पडदा डोळ्यावर सरकलेला दिसतो. पाळीव जनावरांत धनुर्वात घोड्याइतका सहज दुसऱ्या कोणाला होत नाही. त्याची लस मिळते. घोडे बाळगणाऱ्या प्रत्येक घराने ती टोचून घ्यावी, एवढेच येथे सांगून पुढे जातो.

यांपैकी काही नाही, ताप नाही, एखादा सांधा ताजा सुजलेला किंवा गरम नाही, आणि घोडी तुमच्या घोडीसारखी सकाळी अवघडते पण थोडे चालल्यावर मोकळी होते, तर मग ते बहुधा वयाचे आणि श्रमाचे आखडणे. हेही एकदा पशुवैद्याला दाखवून खात्री करून घ्यावी. आपल्याकडे १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सोय होते. असे आखडणे असेल तर तुमच्या हाताला काम आहे.

आता चोळण्याने नेमके काय होते ते पाहू. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि मध्ये वंगणासारखे पाणी. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. सांधा हलला की ते पाणी दाबले जाते, सुटते, आणि त्यातूनच तिचे पोषण होते. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने ही कूर्चा झिजते. झिजलेली कूर्चा कोणाच्याही हाताने, तेलाने वा मंत्राने परत येत नाही, हे स्पष्ट समजून घ्यावे. पण दुखणाऱ्या सांध्याला जपण्यासाठी त्याच्या वरचे स्नायू स्वतःला आवळून धरतात. आवळलेल्या स्नायूंमुळे पाऊल आखूड पडते, पाऊल आखूड पडले की सांधा कमी हलतो, आणि कमी हललेला सांधा आणखी आखडतो. या रहाटगाडग्यात हात घालता येतो तो स्नायूंच्या ठिकाणी. स्नायू सैल झाला की पाऊल लांब पडते, सांधा पुरता फिरतो. हा आराम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून पुन्हा पुन्हा करावे लागते.

आणि येथेच ताईंचे निम्मे चुकते. त्या पाय चोळतात. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली आणि मागच्या पायाला मोठ्या वाकलेल्या सांध्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच, तेथे फक्त दोरीसारख्या शिरा आणि हाड. तेथे जोर लावून चोळणे म्हणजे बैलगाडीची धाव पुसत बसणे, आणि आसाला वंगण घालायचे राहिले. घोड्याच्या शरीराची एक गंमत अशी की, माणसाला असते तसे गळ्याजवळचे आडवे हाड त्याला नसते. त्याचे धड पुढच्या दोन पायांमध्ये हाडाने जोडलेले नसून स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते, आणि अंगाच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायांवर असतो. ओझ्याच्या घोड्याची ही झोळी काय सोसत असेल पाहा. म्हणून पाय आखडला तरी हात खांद्याला, मानेला, पाठीला आणि पुठ्ठ्याला लावायचा.

वेळ निवडावी ती उन्हात उभी राहून किंवा दहा मिनिटे मोकळी चालून अंग कोमट झाल्यावरची. जुन्या आखडणीला आधी गरम पाण्यात पिळलेल्या गोणपाटाचा शेक पंधरा मिनिटे दिला तर फारच बरे. पाणी तुमच्या मनगटाला सोसेल इतकेच गरम असावे. घोडी एका माणसाने धरावी, बांधून ठेवू नये. आपण तिच्या अंगाला लागून उभे राहावे, पायाशी मांडी घालून बसू नये, आणि पोरांना मागच्या बाजूला फिरकू देऊ नये.

सुरुवातीला नुसता सपाट तळहात केसांच्या दिशेने मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत फिरवावा, तीन-चार वेळा. हे चोळणे नव्हे, हे विचारणे. कोठे कातडी थरथरते, कोठे ती कान मागे टाकते, कोठे अंग आक्रसते, ते हाताला कळते. मग मानेचा खालचा भाग, जेथे ती खांद्याला मिळते. तेथे तळहाताचा मनगटाकडचा उंच भाग टेकवून भाकरीचे पीठ मळतो तसे पुढे दाबावे आणि सोडावे. पीठ मळणाऱ्या हाताला ही चाल मुद्दाम शिकवावी लागत नाही, म्हणून हे काम पुरुषांपेक्षा बायका लवकर शिकतात असा माझा अनुभव आहे. तेथून फऱ्याच्या मागची कड, खोगिराचा पट्टा बसतो ती जागा, मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू. कण्याच्या हाडावर दाब देऊ नये. शेवटी पुठ्ठा आणि मांडीची मागची बाजू. प्रत्येक जागी मिनिट-दोन मिनिटे, दोन्ही अंगे मिळून वीस मिनिटे पुष्कळ झाली.

दाब किती द्यावा असे सगळे विचारतात. घोडीच सांगते. दाब बरोबर असेल तर ती मान खाली सोडते, खालचा ओठ लोंबतो, जीभ-ओठ चाटते, मोठा सुस्कारा टाकते. शेपूट आपटली, डोळा वटारला, चावायला तोंड वळवले, तर दाब निम्मा करावा. तरीही तसेच करत असेल तर ती जागा त्या दिवशी सोडावी आणि पशुवैद्याला दाखवावी. जनावर खोडी काढते असे म्हणून मारू नये.

तेल लावावे का? मालिशीला तेल हवेच असे आपल्या मनात बसले आहे. माझे मत असे की घोड्याला नको. काम हात करतो, तेल नव्हे. तेलकट केसांत धूळ बसते, त्यावर खोगीर चढले की पाठ सोलली जाते. त्यापेक्षा आधी चांगला खरारा करावा. जुने मोतद्दार वाळलेल्या गवताचा पीळ देऊन त्याने घोड्याचे अंग घासत, ती पद्धत उत्तम आहे. पीळ करायला गवत लागते आणि घासायला मनगट, पैसा काही लागत नाही.

चोळून झाल्यावर ताणाचे व्यायाम. येथे गाजर कामाला येते. घोडीला चौरस उभी करून गाजर छातीशी धरावे, ती हनुवटी छातीला लावील. मग गाजर दोन गुडघ्यांच्या मधोमध खाली न्यावे. मग एका बाजूला पट्ट्याच्या जागेपर्यंत, मग मांडीच्या दिशेने, आणि तसेच दुसऱ्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी चार-पाच सेकंद मान तशी राहिली की गाजर द्यावे. प्रत्येक प्रकार पाच वेळा. मान हाताने ओढून वळवायची नाही, तिची ती जेथवर वळेल तेथवरच. हे पोरखेळ वाटेल. पण अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात डॉ. हिलरी क्लेटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ घोड्यांकडून आठवड्याचे पाच दिवस, असे तीन महिने हेच व्यायाम करून घेतले. कण्यालगतचे जे बारीक स्नायू पाठ धरून ठेवतात ते या अवधीत जाड झाल्याचे मोजमापात आढळले. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. गाजराचा हंगाम नसेल तर हिरव्या मक्याचा तुकडा चालेल. गूळ मात्र रोज देऊ नका.

पायाचा ताण द्यायचा तर पाऊल उचलून गुडघा वाकवावा, लहान लहान गोल फिरवावे, मग पाय जमिनीपासून फार वर न नेता अलगद पुढे आणावा, दहा सेकंद धरावा, आणि हळू खाली ठेवावा. झटका कधीही देऊ नये.

झटक्यावरून त्या जत्रेतल्या माणसाची आठवण झाली. ताई, पाचशे रुपये वाचवा. ज्या घोडीचा सांधा खरोखर निखळला आहे ती चालूच शकणार नाही, दहा पावलांनी मोकळी होणे दूरच. ओढल्यावर "कट्" असा आवाज आला म्हणजे काही बसले असे नाही. आपली बोटे मोडली तरी आवाज येतो.

डागाबद्दल मामंजींना माझा नमस्कार सांगून कळवा की, डाग दिल्याने घोडी सुधारल्यासारखी वाटते त्याचे कारण डाग दिल्यावर तिला महिना-दीड महिना कामाला लावत नाहीत. गुण त्या विश्रांतीचा. नुसती विश्रांती द्या, लोखंड तापवू नका. बिब्ब्याचेही तेच. कातडी भाजून फोड येतात, दुखणे खोल असते तेथे पोहोचत नाही, आणि माश्या बसून नवे दुखणे सुरू होते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही परस्पर देऊ नयेत. डायक्लोफेनॅक तर गिधाडे मेल्यामुळे २००६ पासून जनावरांसाठी बंद केले आहे. त्याच्या उरलेल्या कुप्या कोणी आणून दिल्या तर घेऊ नका.

हाताने दिलेला आराम बाकीच्या चुकांनी घालवू नये. घोडी चरायला सोडताना पुढचे दोन पाय आखूड दोरीने बांधण्याची आपली रीत आहे. तास-दोन तास ठीक. पण रात्रभर, दिवसभर ती उड्या मारीत चरत असेल तर सांध्यांचे काय होईल? लांब दोरीने खुंटीला बांधावी. टापा सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून साळून घ्याव्या, पुढे वाढलेली टाप प्रत्येक पावलाला सांधा उलटा ताणते. रात्रीची जागा कोरडी असावी. आणि ओझे! १९६५ च्या सरकारी नियमांप्रमाणे तट्टावर ७० किलोंहून अधिक ओझे लादता येत नाही. एकदा तुमचा संसार गावच्या काट्यावर घालून पाहा. आपली भीमथडीची तट्टे काटक. एके काळी मराठ्यांच्या फौजा त्यांच्यावर दौडल्या, आणि आता स्वतंत्र जात म्हणून त्यांची राष्ट्रीय नोंदही झाली आहे. ती कुरकुरत नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर जास्त लादले जाते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, दिवाळीनंतर ती चालेल का. याचे उत्तर मी येथे बसून देणार नाही, एकदा दिले तेवढे पुरे. ते तुम्हांलाच मोजता येईल. पाऊस उघडल्यावर ओलसर, सपाट जमिनीवर तिला संथ चालवा आणि मागे जाऊन उमटलेली पावले पाहा. मोकळ्या अंगाच्या घोड्याच्या मागच्या टापेचा ठसा पुढच्या टापेच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडतो. आखडलेल्या घोडीचा मागे राहतो. किती मागे ते वितीने, बोटांनी मोजा आणि भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. सकाळी किती पावलांनंतर ती मोकळी होते तेही लिहा. आठवड्याचे पाच दिवस वर सांगितल्याप्रमाणे करा आणि दर रविवारी पुन्हा मोजा. चालताना डोकेही पाहा. पुढचा दुखरा पाय टेकला की घोडा डोके वर झटकतो, चांगल्या पायावर खाली करतो.

दसऱ्यापर्यंत ठसे जवळ आले, आणि दहा मिनिटे चालल्यावर डोके स्थिर राहत असेल, तर पशुवैद्याला विचारून तिला न्या, पण ओझे निम्मे करा. पिठाची गाठोडी दुसऱ्या घोड्यावर घाला. घाट उतरताना पुढच्या पायांवर सगळा भार येतो, तेवढ्या टप्प्यात तिला रिकामी उतरवा. दुपारी बारा ते तीन सावलीत थांबा. मुक्कामाला पोहोचल्यावर खोगीर एकदम ओढून काढू नका. पट्टा सैल करून घोडी थोडी फिरवा, मग काढा आणि खोगिराखालचे अंग चोळा.

डोके हलतच राहिले तर मात्र तिला यंदा नेऊ नका. गवत असलेल्या एखाद्या पाहुण्याकडे ठेवा. व्यापाऱ्याचे पैसे घ्यायचे की नाहीत हा तुमच्या घरचा प्रश्न आहे. पण सतरा वर्षांच्या घोडीचे गिऱ्हाईक तिला काय कामासाठी नेते, ते आधी विचारून घ्या.

कोळशाने लिहिलेले आकडे पुसू नका. शिमग्यानंतर परतलात की मला कळवा, पहिला आकडा आणि शेवटचा आकडा, दोन्ही.